दोन नोडमधली रेघ

नदीप्रणालीचे संगणकीय प्रारूप म्हणजे ठिपके आणि रेघा. ठिपका हा नोड: धरण, संगम, सरितामापन केंद्र, कालव्याचे तोंड. दोन नोडना वरून खाली जोडणारी रेघ ही लिंक. किती पाणी साठवायचे, किती सोडायचे हे नोडवर ठरते. म्हणून सगळे लक्ष तिथेच जाते आणि लिंक माउसने ओढून विसरली जाते. पाणी उशिरा पोहोचते आणि वाटेत घटते, ते मात्र याच दुर्लक्षित रेघेवर.

नांदेडजवळच्या अर्धापूरचे उदाहरण घ्यावे. इथल्या केळीला पैनगंगेवरील इसापूर धरणाचे पाणी उजव्या कालव्यातून मिळते. पैनगंगा पुढे वर्धेला मिळते आणि तिचे पाणी प्राणहितेतून सिरोंचाजवळ गोदावरीत येते. अर्धापूरच्या शेतांतून निथळलेले पाणी मात्र ओढ्यांवाटे आसनेत उतरते आणि आसना नांदेडजवळच गोदावरीला मिळते. शेतापासून आसनेपर्यंतची ही छोटी लिंक काढायची राहिली, तर प्रारूपात खाली गोदावरीवर असलेल्या बाभळी बंधाऱ्याच्या हिशेबातून तेवढे पाणी गायब होते. चूक कुठे झाली हे नकाशा पाहून सहसा कळतही नाही.

'ईवॉटर सोर्स' या ऑस्ट्रेलियन प्रणालीत लिंकचे तीन प्रकार आहेत. पहिलीत पाणी शिरते त्याच क्षणी बाहेर पडते. दुसरीत ते ठरावीक वेळ थांबून, पण जसेच्या तसे निघते. तिसरी पात्रातला साठा मोजते. तिच्यातून जाताना पूर लांबतो आणि त्याचा माथा बसतो.

या तिसऱ्या प्रकारामागचे गणित ज्या घराण्यातले, त्यातली सर्वांत परिचित पद्धत मस्किंगम. अमेरिकेतील ओहायोच्या त्या नावाच्या नदीवरील पूरनियंत्रणाच्या कामातून ती १९३०च्या दशकात निघाली. तिला दोनच आकडे लागतात: प्रवासाचा काळ 'के' आणि ० ते ०.५ मधला 'एक्स'. 'एक्स' ०.५ असेल तर लाट न बसता पुढे सरकते. ० असेल तर पात्र तलावासारखे वागते.

पद्धत साधी, पण हट्टी. समजा 'के' १२ तास, 'एक्स' ०.२ आणि हिशेब रोजचा, म्हणजे २४ तासांचा. वरून १००० क्युसेक स्थिर चालू असताना दरवाजे बंद केले. खालच्या टोकाला पुढच्या दिवशी ५५६ क्युसेक येतात आणि त्यानंतरच्या दिवशी उणे ६२! नदी उलटी वाहू लागली असे संगणक निमूटपणे छापतो. या आकड्यांना हिशेबाचे कालांतर ४.८ ते १९.२ तासांच्या आतच चालते. त्याहून मोठे असेल तर ते कमी करावे लागते. लहान असेल तर लिंकचे तुकडे पाडावे लागतात.

खरी अडचण पुढे आहे. 'के' आणि 'एक्स' ठरवायला लिंकच्या दोन्ही टोकांची मोजणी हवी. कालव्याच्या तोंडाशी विसर्ग नोंदलेला असतो. वितरिकेच्या, चारीच्या शेपटाला तो तितक्या नेमाने मोजला जात नाही. मग वहनव्यय टक्केवारीने धरतात. त्या एका टक्केवारीत पाझर, बाष्पीभवन, फुटके अस्तर आणि काठावरच्या मोटारी असे सगळेच कोंबले जाते. आवर्तन लांबले की कोरड्या पात्राचा पाझर वेगळा आणि सलग चालू पाळीतला वेगळा; प्रारूपात आकडा तोच राहतो. शेपटाच्या केळीला पाणी का पोहोचले नाही, हे असल्या आकड्यातून सांगता येत नाही.

दुसरी अडचण दिशेची. ही लिंक एकमार्गी असते. गोदावरीला पूर येऊन फुगवटा उपनदीत शिरला, तर त्या रेघेला तो दिसतच नाही. त्यासाठी 'हेक-रास'सारखी जलगतिकीय प्रणाली, पात्राचे ठिकठिकाणचे आडवे छेद आणि दोन्ही नद्यांच्या पातळ्या लागतात. तिथे एका रेघेच्या जागी छेदांची रांग येते आणि दर पावसाळ्यानंतर बदललेल्या पात्राचे छेद पुन्हा घ्यावे लागतात.