गोठलेला उंदीर, जिवंत जीवाणू

साप पाळणारे लोक फ्रीजमध्ये मेलेले उंदीर ठेवतात, हे खरे आहे का? शीव-परळ भागातल्या शाळांमधून सापांविषयीचे व्याख्यान संपले की हा प्रश्न हमखास येतो. विद्यार्थी हसतात, शिक्षक नाक मुरडतात. प्रश्न मात्र चांगला आहे आणि त्याचे उत्तर सापांपेक्षा जीवाणूंविषयी अधिक आहे.

आधी कायद्याचे सांगायला हवे. नाग, धामण, घोणस, अजगर असे आपल्याकडचे साप घरात पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या काही परदेशी सापांची सरकारदरबारी नोंद करून ते बाळगता येतात; त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये आले. याशिवाय प्राणिसंग्रहालये आहेत, विषावर संशोधन करणाऱ्या संस्था आहेत. परळच्या हाफकिन संस्थेत विषारी साप सांभाळण्याची परंपरा जुनी आहे. या सापांपैकी बहुतेकांचे अन्न म्हणजे उंदीर. पिंजऱ्यात जिवंत उंदीर सोडला आणि सापाला भूक नसली, तर उंदीरच सापाला कुरतडतो. म्हणून पैदास केंद्रातले उंदीर मारून, गोठवून, लागतील तसे वापरण्याची पद्धत परदेशात रूढ झाली.

मेलेला उंदीर निरुपद्रवी, ही समजूत मुंबईने फार मोठी किंमत देऊन खोडून काढली आहे. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग सुरू झाला. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि १९०५ पासून तेथे प्लेग संशोधन समितीने छोट्या खोल्या बांधून उंदीर, गिनीपिग आणि पिसवा यांवर प्रयोग केले. उंदीर मेला, त्याचे शरीर थंड पडले, की पिसवा ते सोडून दुसरे उबदार शरीर शोधतात, आणि प्लेग त्यांच्याबरोबर पुढे जातो, ही साखळी त्यातून स्पष्ट झाली. पिसवा गोठवल्याने मरतात. तेवढ्यापुरता फ्रीझर उपयोगी आहे. अडचण आहे ती उंदराच्या पोटातल्या रहिवाशांची.

गोठवले म्हणजे जंतू मेले, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असते. तेथे पाण्याचे बर्फ होते, जीवाणूला वापरता येईल असे द्रवरूप पाणी उरत नाही आणि त्याची वाढ थांबते. काही जीवाणू बर्फाच्या स्फटिकांनी व वाढलेल्या क्षारतेने मरतात. पण मांसातली प्रथिने बाकीच्यांना संरक्षण देतात. आम्ही प्रयोगशाळेत जीवाणू वर्षानुवर्षे टिकवून ठेवतो ते गोठवूनच! मरण आणि स्थगिती यांत फरक आहे.

वर्गात हे दाखवायला उंदीर नको, चमचाभर दही पुरे. दही छोट्या डबीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावे. नंतर ते कोमट दुधाला विरजण म्हणून लावावे. शेजारी विरजण न लावलेले दूध तुलनेसाठी ठेवावे. विरजण लावलेले दूध लागेल, कदाचित थोडे उशिरा. उशीर का, हे विद्यार्थ्यांनीच सांगावे.

उंदराच्या आतड्यात असू शकणारा आणि माणसाला त्रास देणारा मुख्य जीवाणू म्हणजे साल्मोनेला. उंदीर दिसायला ठणठणीत असतो, सापही. जुलाब, ताप आणि पोटदुखी होते ती घरातल्या माणसांना. २००८-०९ मध्ये ब्रिटनमध्ये आणि २०१० मध्ये अमेरिकेत अशा साथींचा माग काढताना तपास गोठवलेल्या उंदरांपर्यंत पोहोचला. ब्रिटनमध्ये २०१५ पासून पुन्हा शेकडो लोकांना याच मार्गाने लागण झाली. लहान मुलांना याचा धोका विशेष. त्यांनी सापाला हात लावलाच पाहिजे असेही नाही. त्याच ओट्यावर कापलेली काकडी पुरते.

खरी गोम येथे आहे. आपण मटण गोठवतो, पण खाण्यापूर्वी शिजवतो. ७० अंशांच्या वरची उष्णता साल्मोनेलाला संपवते. सापाला उंदीर द्यायचा तो कच्चाच. म्हणजे जंतू मारणारी पायरी या व्यवहारात कधीच येत नाही, आणि सगळी भिस्त साठवण व हाताळणीवर राहते.

म्हणून उंदरांसाठी वेगळा छोटा फ्रीझर असावा. जेथे दूध, आइस्क्रीम, मटार ठेवतो तेथे ते ठेवू नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे. जागेअभावी ते शक्यच नसेल, तर दोन पिशव्यांत बंद करून, घट्ट झाकणाच्या डब्यात, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावेत आणि डब्यावर ठळक अक्षरांत नाव व तारीख घालावी. गोठवताना ते एका थरात पसरावेत. गोठायला लागणारा वेळ साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; गठ्ठ्याची जाडी दुप्पट झाली की वेळ सुमारे चौपट. सावकाश गोठताना बर्फाचे मोठे स्फटिक होतात, पेशी फाटतात आणि वितळताना रस गळतो. हा रस जीवाणूंना आयते खाद्य. थंडी चरबीचे खवट होणे लांबवते, थांबवत नाही. तेव्हा सहा महिन्यांपेक्षा जास्त साठा करू नये.

वितळवताना सर्वांत जास्त चुका होतात. रात्री उंदीर ओट्यावर काढून ठेवला आणि सकाळी सापाला दिला, हे मुंबईच्या मे महिन्यात घातक आहे. ३२ अंशांना साल्मोनेला दर ३० मिनिटांनी दुप्पट होतो असे धरू. आठ तासांत १६ विभाजने, म्हणजे एकाचे ६५,५३६! वितळण्यात जाणारा वेळ वजा केला तरी आकडा छोटा राहत नाही. त्याऐवजी उंदीर बंद पिशवीत, वेगळ्या डब्यात, फ्रीजच्या खालच्या भागात रात्रभर ठेवावा. ५ अंशांखाली ही वाढ जवळजवळ थांबते. देण्याआधी पिशवीसकट थोडा वेळ गरम पाण्यात बुडवावा. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे त्याला भक्ष्य उबदार लागते. आतून गोठलेला उंदीर मात्र देऊ नये. सापाचे शरीर स्वतः उष्णता निर्माण करत नाही, पचन मंदावते आणि घास उलटून पडतो. मायक्रोवेव्ह वापरू नये. तो कोठे शिजवतो, कोठे बर्फ तसाच ठेवतो, आणि कधी उंदीर फुटतो. एकदा वितळलेला उंदीर पुन्हा गोठवायचा नाही. रात्रभर वीज गेली आणि साठा मऊ पडला, तर तो फेकून द्यावा.

गटारातला किंवा सापळ्यातला उंदीर चालेल का, असेही विचारले जाते. नाही. त्याने खाल्लेले उंदीरनाशक सापाच्या शरीरात जाऊ शकते. शिवाय त्याच्या मूत्रपिंडात लेप्टोस्पायरा असू शकतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत पसरलेला लेप्टोस्पायरोसिस अनेकांना आठवत असेल. हे जीवाणूही प्रयोगशाळेत गोठवूनच जपतात, तेव्हा घरच्या फ्रीझरवर विसंबता येत नाही.

हाताळणीसाठी लांब चिमटा आणि वापरून फेकण्याचे हातमोजे असावेत. चिमटा, डबा, पाण्याचे भांडे हे सारे केवळ याच कामाचे. ते स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये. आधी साबणाने धुऊन मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवावे. चिकट घाण तशीच असेल तर ब्लीचिंग पावडरचा जोर तिच्यावरच खर्च होतो. हातमोजे काढल्यावरही हात साबणाने निदान २० सेकंद धुवावेत. पाच वर्षांखालील मुलांना या कामाच्या जवळ येऊ देऊ नये. सापाने न खाल्लेला उंदीर काही तासांत उचलून, दोन पिशव्यांत बांधून, झाकणाच्या कचरापेटीत टाकावा. उघड्या पेटीत टाकला, तर तो आधी मांजराच्या आणि मग घुशीच्या तोंडी लागतो.