उचल-चुंबकाची निवड
तामसी-आदिलाबादकडील ट्रॅक्टर-ट्रॉली बांधणाऱ्या कारागिरांनी विजेविना चालणारा उचल-चुंबक खरेदी करताना, त्यावर कोरलेला उचल-क्षमतेचा आकडा जाड, सपाट, स्वच्छ पोलादी प्लेटपुरताच खरा असतो हे आधी ध्यानी घ्यावे. कारण रंग, गंज वा वेल्डिंगचा एखादा थेंब मध्ये आला, तरी तेवढ्या सूक्ष्म फटीनेही पकड झपाट्याने क्षीण होते, पातळ पत्र्यात चुंबकीय प्रवाह पुरता सामावत नाही आणि शाफ्टसारख्या गोल मालावर तर क्षमता साधारणतः निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. अशा चुंबकातील सामान्य निओडिमियम ८० अंश सेल्सिअसपुढे दुर्बल होत जाते, सबब नुकतेच गॅसने कापलेले तप्त पोलाद त्यास लावू नये. चुंबकाचा दांडा पूर्ण फिरून खटका बसल्याची खातरजमा करावी, ओझे चार बोटे उचलून क्षणभर थांबावे, आणि त्याखाली, ही माझी कळकळीची विनंती आहे, कोणाही इसमास उभे राहू देऊ नये.