मोडलेल्या हाडाला हप्त्याने खत



गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या गाड्या वाढतात आणि त्याबरोबर अपघातही. आमच्या शेजारच्या एका सभासदाच्या नडगीवरून भरल्या बैलगाडीचे चाक गेले. सळई बसवली, तरी सात महिन्यांनी हाडातली फट तशीच! शेवटी डॉक्टरांनी कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे भरला, तेव्हा कुठे सांधले. “एक हाड जोडायला दुसरं फोडायचं, ही कुठली रीत?” असे ते आम्हाला म्हणाले. प्रश्न बिनतोड होता. म्हणून थोडी माहिती मिळवली, ती येथे देत आहोत.

हाड सांधण्याचा हुकूम शरीरात कोण देते? १९६५ साली अमेरिकेतील डॉ. मार्शल युरिस्ट यांनी हाडातील क्षार आम्लाने काढून टाकले आणि उरलेला भाग प्राण्याच्या स्नायूत ठेवला. तिथे, मांसात, नवे हाड धरले! हे घडवून आणणाऱ्या प्रथिनांना पुढे ‘बीएमपी’ म्हणू लागले. त्यातले बीएमपी-२ अमेरिकेत २००२ साली मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी आणि २००४ साली नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी मंजूर झाले.

पण हे औषध स्पंजात भिजवून ठेवतात, आणि त्यातले बरेचसे पहिल्या काही दिवसांतच निघून जाते. म्हणून शरीरात नैसर्गिकरीत्या असते त्याच्या कितीतरी पट जास्त घालावे लागते. मग सूज येते, नको तिथे हाड वाढते. मानेच्या मणक्यात वापरल्यावर घसा सुजून श्वास अडल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा २००८ साली तिथल्या सरकारी औषध खात्याने इशारा दिला.

आपल्याला हे नवे नाही. युरिया लागणीलाच सगळा ओतला तर पाण्याबरोबर वाहून जातो, आणि मोठ्या बांधणीला ऊस उपाशी. म्हणून तर आपण हप्ते पाडतो. शास्त्रज्ञही तेच करू पाहत आहेत. ते प्रथिन पीएलजीए नावाच्या पदार्थाच्या बारीक कणांत कोंडतात. कण इतके लहान की नुसत्या डोळ्यांना नीट दिसू नयेत. शरीरातले पाणी कणात शिरते, त्याच्या साखळ्या तुटत जातात आणि औषध झिरपत राहते. कण विरघळून जातो, काढायला पुन्हा ऑपरेशन नको. विरघळणारे टाके याच जातीच्या पदार्थांचे असतात.

पीएलजीए दोन आम्लांचे बनते, लॅक्टिक आणि ग्लायकोलिक. दोन्ही निम्मी-निम्मी घेतली तर कण साधारण महिना-दोन महिन्यांत विरतो. लॅक्टिक वाढवले की जास्त टिकतो. म्हणजे हप्ता लांबवणे हातात आहे. आणि लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्यातलेच, साखर आंबवून करतात! थायलंडमध्ये रायोंग येथे २०१८ पासून उसाच्या साखरेवर पॉलिलॅक्टिक प्लॅस्टिकचा कारखाना चालू झाला. औषधासाठी मात्र फारच शुद्ध आणि अगदी थोडा माल लागतो. तेव्हा यातून उसाला दर वाढेल अशी आशा कोणी धरू नये.

अडचणी आहेतच. कण बनवताना लागणाऱ्या द्रावणाने नाजूक प्रथिन बिघडते. पहिल्याच दिवशी बराच माल भसकन बाहेर पडतो. कण विरताना आत आम्ल साठते, तेही प्रथिनाला मानवत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या कणांनी हाड भरून आलेले आहे, पण हाडासाठी हे कण अजून नेहमीच्या उपचारात आलेले नाहीत. कोणी “आमच्याकडे आहेत” म्हणून पैसे मागितले तर सावध राहावे.

आमच्या शेजाऱ्यांना हे सर्व सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “मग तोवर?” तोवर कमरेचाच तुकडा. आणि बिडी बंद, कारण धुराने हाड उशिरा सांधते, हे त्यांच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. बिडी त्यांनी पाचव्या महिन्यात सोडली.