बालपण संपते, नोंद राहते

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात चाळिशी-पन्नाशीचा रुग्ण आला की ठरावीक प्रश्न विचारले जातात. रक्तदाब आहे का, साखर आहे का, तंबाखू खाता का, घरात कोणाला हृदयविकार होता का? उत्तरे केस पेपरवर उतरतात आणि रांग पुढे सरकते. ‘लहानपण कसे गेले?’ असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. तो प्रश्न गप्पांचा, डॉक्टरांचा नव्हे, अशी आपली समजूत असते. गेल्या काही दशकांतील संशोधन या समजुतीला धक्का देते.

या संशोधनातील एक महत्त्वाचा धागा अमेरिकेतील सॅन दिएगो शहरात सापडला, तोही वजन कमी करण्याच्या दवाखान्यात. १९८०च्या दशकात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी यांच्या लक्षात आले की, उपचार अर्धवट सोडणाऱ्यांमध्ये ज्यांचे वजन छान उतरत होते असेच अनेक जण होते. त्यांच्या मुलाखती घेतल्यावर अनेकांनी लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितले. डॉक्टरांना जो आजार वाटत होता, तो काही रुग्णांच्या दृष्टीने जुन्या वेदनेवर शोधलेला उपाय होता.

पुढे फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १९९५ ते १९९७ या काळात १७ हजारांहून अधिक प्रौढांकडून बालपणाची माहिती घेतली. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष, आईला होणारी मारझोड, घरातील दारू, घरातील कोणाचा मानसिक आजार अशा अनुभवांविषयी प्रश्न होते. १९९८ साली पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक लोकांनी यातील किमान एक अनुभव घेतला होता. ज्यांच्या वाट्याला चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव आले, त्यांच्यात दारूचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट होता. हृदयविकाराचे प्रमाणही सुमारे दुप्पट होते. हे लोक हलाखीत राहणारे नव्हते. बहुतेक जण मध्यमवर्गीय, शिकलेले आणि आरोग्य विमा असलेले होते.

हे शरीरात कसे घडते?

धोका दिसला की शरीर अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके सोडते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तातील साखर वाढते, स्नायू सज्ज होतात. कुत्रा अंगावर आला तर ही यंत्रणा जीव वाचवते. पण ज्या घरात संध्याकाळी दाराची कडी वाजली तरी मुलाच्या पोटात गोळा येतो, तिथे ही यंत्रणा रोजच चालू राहते. वाढत्या मेंदूला मग जग धोक्याचेच वाटू लागते. झोप, एकाग्रता, रागावरचा ताबा यांवर परिणाम होतो. मोठेपणी ती बेचैनी शमवायला कोणी तंबाखू, कोणी दारू, तर कोणी खाण्याचा आधार घेतो. अशा दोन्ही वाटांनी, ताणातून थेट आणि सवयींमधून, बालपण हृदयापर्यंत पोहोचते.

याच्या उलट, जवळच्या माणसाचा स्पर्श आणि प्रतिसाद ही यंत्रणा शांत करायला शिकवतो. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. ज्या माद्या पिल्लांना जास्त चाटत, त्यांची पिल्ले मोठेपणी कमी घाबरट निघाली. कमी चाटणाऱ्या मादीची पिल्ले जास्त चाटणाऱ्या मादीकडे वाढवली, तेव्हा तीही शांत झाली. म्हणजे फरक केवळ रक्तातून आलेला नव्हता, संगोपनातूनही आला होता. ताणाला आवर घालणाऱ्या जनुकाचे काम संगोपनानुसार बदलते, हेही या गटाने २००४ साली दाखवले. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे खरे. पण माणसांतही असा पुरावा आहे.

रुमानियाचा धडा

१९६६ साली रुमानियाच्या राजवटीने लोकसंख्या वाढवण्यासाठी गर्भपातावर जवळपास बंदी घातली. परवडत नसलेली हजारो मुले सरकारी अनाथालयांत गेली. १९८९ मध्ये राजवट कोसळल्यावर जगाला दिसले की या मुलांना अन्न आणि पलंग मिळत होता, पण उचलून घेणारे हक्काचे माणूस नव्हते. २००० नंतर चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टमधील अशा १३६ बालकांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या मुलांना सोडतीने निवडून पालक-कुटुंबांत ठेवले गेले. घर मिळालेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि माणसांशी जुळवून घेणे सुधारले. साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना अनेक बाबतींत अधिक लाभ झाला. मुलाचे पोट भरले म्हणजे संगोपन झाले असे नाही, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच सिद्ध झाले असेल.

‘आम्हीही मार खाल्ला, काय बिघडले?’

हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. आयुष्यभर विडी ओढून नव्वदी गाठणारे आजोबाही प्रत्येक गावात असतात. म्हणून विडी निरुपद्रवी ठरत नाही. मार मुलाला भीती शिकवतो आणि चूक लपवायला शिकवतो. आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली शाळेतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. शाळेत जे बेकायदा आहे, ते घरात संस्कार ठरत नाही.

मात्र आकडे वाचून कोणी स्वतःवर शिक्का मारू नये. धोका वाढणे म्हणजे आजार होणारच असे नव्हे. असे गुण मोजून एखाद्या व्यक्तीचे भविष्य सांगता येत नाही, असा इशारा खुद्द अँडा यांनीच २०२० मध्ये दिला. हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातील भांडणे, व्यसन अशा वातावरणात वाढलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले सक्षम, मायाळू प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी भरवशाचे माणूस होते. ते नेहमी आई-वडीलच होते असे नाही. आजी, मावशी, शिक्षक असे कोणीही ही जागा भरून काढू शकते.

महाराष्ट्रात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. ऊसतोडीला जाणारे आई-वडील मुलांना अनेकदा गावी आजीकडे ठेवतात. शहरात दोघेही नोकरीला असतात. त्यांनी अपराधी वाटून घेण्याची गरज नाही. मूल रोज कोणाकडे धाव घेते आणि तिथे त्याला प्रतिसाद मिळतो का, हे पाहावे.

काय करता येईल?

● तान्ह्या बाळाचे रडणे म्हणजे हट्ट नव्हे. त्याला उचलून घेतल्याने ते बिघडत नाही.

● दिवसातून थोडा वेळ तरी मोबाइल बाजूला ठेवून मुलाचे ऐकावे. त्या वेळी गृहपाठाची चौकशी नको.

● राग अनावर झाला तर आधी खोलीबाहेर जावे, मग बोलावे. रागावून झाल्यावर ‘माझे चुकले’ म्हणण्याने पालकाचा मान कमी होत नाही. प्रत्येक नात्यात सूर बिघडतो. तो पुन्हा जुळवला जातो, हे पाहूनच मूल विश्वास ठेवायला शिकते.

● मुलांसमोर जोडीदाराचा अपमान किंवा मारझोड हा मुलांवरचाच आघात असतो.

● मोठेपणी जुने अनुभव छळत असतील, झोप किंवा व्यसन हाताबाहेर जात असेल, तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. मूल संकटात असेल तर १०९८ वर फोन करावा.

ज्या बापाने स्वतः लहानपणी पट्ट्याचा मार खाल्ला, त्याला आपले बालपण बदलता येणार नाही. पण त्याच्या मुलाच्या बाबतीत आज संध्याकाळी तो काय करतो, हे अजून त्याच्या हातात आहे.