एका स्पंदावरून सापडणारे पल्सार

पल्सार म्हणजे स्वतःभोवती फिरताना रेडिओ स्पंद पाठवणारे तारे. ते शोधायची नेहमीची रीत म्हणजे ठरावीक अंतराने येणारे स्पंद हुडकणं. पण काही पल्सार बहुतेक वेळ गप्पच असतात! 2006 मध्ये मॉरा मॅकलॉफलिन आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीच्या नोंदींतून असे 11 स्रोत जाहीर केले. एकेक स्पंद 2 ते 30 मिलिसेकंदांचा, आणि मध्ये 4 मिनिटं ते 3 तास शांतता.

मग स्पंद आकाशातलाच, हे कसं ओळखायचं? ताऱ्यांमधल्या पोकळीतल्या मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारितेच्या लहरी मागे पडतात. त्यामुळे वेळ आणि वारंवारितेच्या आलेखावर सरळ रेघेऐवजी बाक दिसतो. विलंब किती, हे आधी माहीत नसतं; संगणक वेगवेगळे अंदाज घेऊन तो बाक सरळ करत जातो. अंदाज जुळला की स्पंद लख्ख वर येतो. पृथ्वीवरचा गोंगाट मात्र शून्य विलंबालाच सर्वांत ठळक असतो, तिथेच तो बहुतेकदा पकडला जातो.

पुढचा टप्पा मला फारच आवडतो. स्पंदांमधल्या अंतरांना नेमका भाग जाणारी सर्वांत मोठी संख्या काढली की ताऱ्याचा फिरण्याचा काळ मिळतो. म्हणजे शाळेतला मसावि! त्या 11 पैकी 10 जणांचा काळ असाच निघाला: 0.4 ते 7 सेकंद.

प्रसिद्ध क्रॅब पल्सारही 1968 मध्ये ग्रीन बँकच्या दुर्बिणीला त्याच्या सुट्या, जोरकस स्पंदांमुळेच सापडला होता.