अठरा मिनिटं

नकाशावर पट्टी ठेवली आणि थबकलो. गडचिरोली जिल्ह्यातली अहेरी आणि भामरागड जवळजवळ एकाच अक्षांशावर. पट्टी सरळ पूर्वेला धरली की साठेक किलोमीटर भरतात. भामरागडात मात्र कुणाला अंतर विचारलं, तर तो आधी विचारतो, महिना कोणता?

हे हवाई अंतर कसं कापलं जातं ते बघायला नोव्हेंबर 2024 मध्ये, विधानसभेच्या मतदानाच्या दोन दिवस आधी, भामरागडला गेलो. मतदान पथकं अहेरीहून हेलिकॉप्टरनं येणार होती. हेलिपॅडपासून बरंच लांब, दोरीच्या अलीकडे उभं राहायची परवानगी मिळाली. तिथे पाणी मारणारा एक माडिया तरुण होता. टँकरची नळी खांद्यावर घेऊन तो पहाटेपासून माती भिजवत होता. कोरड्या मातीवर हेलिकॉप्टर उतरलं की पंख्याच्या वाऱ्यानं धुरळा उठतो, पायलटला जमीन दिसेनाशी होते. पाणी जास्त झालं तर चाकं रुततात. त्यामुळे तो पायानं दाबून दाबून ओल बघत होता. कडेला ओल्या पाल्याचा धूर केला होता. धूर कलेल त्यावरून वारा कळतो.

"अहेरीवरून उडला असा निरोप आला का अठरा मिनिटं," तो म्हणाला. "तेवढ्यात एक डाव पाणी मारून होते, सर."

निरोप आला. मी घड्याळ लावलं. पश्चिमेच्या सागवनावरून आधी धडधड आली, मग हेलिकॉप्टर. माणसांची आणि सामानाची वजनं अहेरीतच झालेली. मतदान पथक वाकून उतरलं, शेपटीकडे कुणी फिरकलं नाही, मतदान यंत्रांच्या पेट्या हातोहात गेल्या. ओली माती, पाल्याचा धूर आणि इंधन यांचा मिळून एक उग्र वास उरला. तो वास अजून आठवतो. त्यासोबत आठवतं ते त्या तरुणाचं पुढचं बोलणं.

त्याचं गाव भामरागडपलीकडच्या लाहेरीच्याही पुढे.

"पावसात मायले खाटेवर आणलं. मधात दोन नाले. सकाळी निघालो, दवाखान्यात पोचलो तर दिवा लागला होता."

सांगताना तो नळीची गुंडाळी करत होता. आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. पर्लकोटेवरचा जुना ठेंगणा पूल पावसाळ्यात पुन्हा पुन्हा पाण्याखाली जायचा आणि पलीकडची शंभरावर गावं तुटायची. सप्टेंबर 2019 मध्ये तर भामरागडची बाजारपेठच बुडाली. जवळच्या हेमलकशाला 1973 मध्ये आदिवासींवर उपचार करणारा लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला, त्याला पन्नास वर्षं उलटली. तरी त्या तरुणाच्या गावातून दवाखान्यापर्यंतचा रस्ता नाल्यांतूनच.

दुर्गम गावातल्या मतदारापर्यंत यंत्र हवेतून न्यावं, हे मला मनापासून पटतं. त्या एका मताची तेवढी किंमत आहेच. पण पुरात अडलेल्या बाळंतिणीसाठी हेलिकॉप्टर आलं की ती बातमी होते. मतदानासाठी त्याचं वेळापत्रक असतं. त्या तरुणाच्या मायसाठी रोज हेलिकॉप्टर नको. दोन नाल्यांवर दोन पूल हवेत, बारमाही टिकणारे.

पुढचा निरोप आला. तरुण नळी घेऊन उठला.

"अठरा मिनिटं," तो म्हणाला, आणि माती भिजवू लागला.