भिंतीवरचे काळे डाग



मोरगाव हा बारामती तालुक्यातला कमी पावसाचा, जिरायती भाग. इथल्या घरांना ओलीचा त्रास असेल, असे मला वाटत नव्हते. पण कऱ्हेकाठच्या एका पारधी कुटुंबाच्या घरात चार वर्षांचा नातू रात्र रात्र खोकत होता, आणि त्याच्या उशाशी भिंत काळ्या डागांनी भरली होती. गेल्या नाताळाआधी आपल्या देणगीतून आम्ही ती भिंत रंगवली. पावसाळ्यात डाग पुन्हा वर आले. आजी म्हणाली, “ताई, रंग चांगला व्हता, पण भिंत आतून रडतीया.”

आजीचे खरे होते. चूक माझी होती.

ते डाग म्हणजे बुरशी. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत सगळीकडे असतात. ओल मिळाली की धूळ, लाकूड, कापड, रंग यांवर ती वाढते. ओल तशीच ठेवून वर रंग दिला, तर बुरशी फक्त झाकली जाते. या घरात भिंतीला लागूनच न्हाणी होती आणि तिचे पाणी पायाशी मुरत होते. शिवाय थंडीत दार बंद, आत चूल आणि सहा माणसे. ती सगळी वाफ गार पत्र्याला लागून पाणी होऊन टपकत होती.

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली ओल आणि बुरशीविषयी मार्गदर्शिका काढली. अशा घरांत राहणाऱ्यांना खोकला, दमा आणि श्वसनाचे विकार जास्त होतात, असे तीत सांगितले आहे. लहान मुले, म्हातारी माणसे आणि दमेकरी यांनी अधिक जपावे. 2021 मध्ये कोरोनानंतर झालेला ‘काळी बुरशी’ हा आजार मात्र वेगळा. भिंतीवरच्या काळ्या डागांना तो समजून घाबरू नये. आणि प्रत्येक खोकला बुरशीचा नसतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, ती करून घ्यावी.

बुरशी धान्यालाही लागते. 1974 साली गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या आदिवासी भागांत अवेळी पावसात भिजलेला मका खाल्ल्याने यकृताचा आजार पसरला आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. हे विष शिजवून जात नाही. म्हणून बुरशी आलेले शेंगदाणे किंवा मका निवडून, धुऊनही खाऊ नये.

वस्तीवर आम्ही आता हे सांगतो:

• आधी पाणी थांबवा: गळका पत्रा, न्हाणी, पायाशी साचणारे पाणी.
• भिजलेल्या गोधड्या एक-दोन दिवसांत कडक उन्हात वाळवा.
• पेटी आणि धान्याचे पोते भिंतीपासून वीतभर दूर, फळीवर ठेवा.
• स्वयंपाकाच्या वेळी दार-खिडकी उघडी ठेवा.
• डाग कोरडे झाडू नका, बीजाणू उडतात. तोंडाला फडके बांधून साबणाच्या पाण्याने घासा, मुलांना बाहेर ठेवा. ब्लीचिंग पावडर वापरल्यास तिच्यात अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.
• भिंत पूर्ण वाळल्यावरच चुन्याचा हात द्या.

लेवीय 14 व्या अध्यायात घराच्या भिंतीवरील चट्ट्याविषयी नियम आहेत. याजक आधी घर रिकामे करवतो, सात दिवस बंद ठेवतो, चट्टा पसरला असेल तर दगड काढवतो, भिंत खरवडवतो आणि मगच नवा गिलावा होतो. डाग झाकायला तो कुठेच सांगत नाही. डिप्लोमाच्या वर्गात हा अध्याय मी घाईने उलटला होता. आजीच्या घरात तो मला नीट कळला.

या वेळी आम्ही रंग नेला नाही. आजीच्या मुलाने आणि शेजाऱ्यांनी न्हाणीच्या पाण्यासाठी चर आणि शोषखड्डा खणला, आपल्या दानातून पाइप व दोन पत्रे आले. भिंत अजून वाळते आहे. नातवाला डॉक्टरांकडे नेले असून औषध सुरू आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करा, आणि आपल्या घरातल्या कपाटामागची भिंतही एकदा पाहा.